तळावरची प्रेमकथा: बालपण जमतं, पुढची कादंबरी का फसते?

प्रश्न थोडक्यात असा: बीडकडच्या ऊसतोड कुटुंबांतली दोन मुलं एकाच तळावर, म्हणजे मजुरांच्या हंगामी वस्तीवर, वाढतात, ताटातूट होते, मोठेपणी पुन्हा भेटतात आणि प्रेम जमतं. अशी भावनिक कादंबरी लिहून झाली आहे, सुमारे साठ हजार शब्दांची. वाचलेले सगळे सांगतात की बालपणाची पहिली सत्तर पानं डोळ्यांत पाणी आणतात आणि त्यानंतर गोष्ट 'सिरियलसारखी' होते. दोष कुठे आहे, आणि किती पुन्हा लिहावं लागेल?

दोष दिसतो उत्तरार्धात, पण पेरलेला असतो पूर्वार्धात. बालपणीचे हाल 'घडून गेलेली गोष्ट' म्हणून लिहिले जातात. सत्तराव्या पानावर ते संपतात. नायक कामाला लागतो, नायिका शिकते, आणि तिथून एक दुसरीच प्रेमकथा सुरू होते, जी पुण्यातल्या कुठल्याही दोन माणसांची असू शकते. कोपी (तळावरची झोपडी), फड (तोडणीचा उभा ऊस), मुकादम (आगाऊ पैसे देऊन मजुरांची टोळी आणणारा) यांचा या मोठ्या झालेल्या माणसांवर काही परिणामच उरलेला नसतो. अधूनमधून 'तिला ते दिवस आठवले' असं एखादं वाक्य येतं, तेवढंच. वाचकाला मग वाटतं की पहिली सत्तर पानं आपल्याला रडवण्यापुरती वापरली. तो मनातून रुसतो आणि पुढच्या पानांना सिरियल म्हणतो.

सोबत हाल भोगले म्हणून कुणाचं प्रेम जमत नाही. तसं असतं तर सगळ्या टोळीचं एकमेकांवर प्रेम असतं, आणि टोळीत भांडणं किती असतात हे तिथं राहिलेल्याला विचारावं. हालातून माणसाला सवयी लागतात. मोठेपणी त्या सवयी इतरांना विचित्र वाटतात, आणि एकाच माणसाला त्यांचं मूळ न सांगता कळतं. तुमची प्रेमकथा त्या कळण्यात आहे. म्हणून दुरुस्तीची सुरुवात सवयींपासून करा.

पात्रांना इथे बोलण्यापुरती नावं देऊ: नवनाथ आणि मनीषा. एक वही घ्या आणि दोघांसाठी दोन-दोनच सवयी लिहा, जास्त नकोत. प्रत्येक सवयीखाली चार ओळी: ती कुठल्या प्रसंगात लागली, मोठेपणी कशी दिसते, दुसऱ्याला ती का ओढून घेते, आणि तीच सवय दोघांच्या मध्ये कशी येते. चौथी ओळ सुचेना, तर ती सवय टाकून द्या. ती नुसती सजावट आहे.

उदाहरणार्थ मनीषा. आई-बाप पहाटे फडात गेले की तळावरची चार-पाच लहान पोरं आठ-नऊ वर्षांच्या मुलीच्या जिवावर असतात. ट्रॅक्टर मागे येताना कुणी चाकाखाली जाऊ नये म्हणून ती सारखी डोकी मोजते. मोठी झाल्यावर ती कुठल्याही खोलीत शिरली की आधी माणसं मोजते, लग्नाच्या पंगतीतसुद्धा. नवनाथला हे पाहताक्षणी कळतं, कारण त्या मोजणीत एकेकाळी तोही होता. आणि अडचण? मोजणारी माणसं सगळ्यांना जेवू घालतात आणि स्वतःला मोजायचं विसरतात. तिला कुणी काही दिलं तर ते घ्यायचं कसं हे तिला येत नाही. प्रेमही घेता येत नाही. इथे तुम्हाला उत्तरार्धातला एक खराखुरा अडथळा मिळाला, तोही बालपणातून, खलनायक न आणता.

नवनाथची सवय आकड्यांची धरू. बापाची बाकी, म्हणजे मुकादमाकडून घेतलेल्या आगाऊ पैशांतलं उरलेलं देणं, दर वर्षी का फिटत नाही हे त्याला दहाव्या वर्षी कळलं, कारण बापाला वाचता येत नव्हतं आणि मुकादमाची वही पोरालाच वाचावी लागली. तेव्हापासून तो सगळं लिहून ठेवतो. कुणाचं काही फुकट घेत नाही, आणि कुणाला काही दिलं तर तेही विसरत नाही. याच्याकडे आपण नंतर येऊ, कारण कादंबरीचा मणका हाच आहे.

आता तळाबद्दल. 'ऊसतोड मजूर' म्हणून एकच गठ्ठा लिहिला की पूर्वार्धही हळूहळू खोटा पडतो. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता, एकटा माणूस म्हणजे अर्धा कोयता, हे बहुतेकांना ठाऊक असतं. पण टोळी कसली आहे हे ठरवलेलं नसतं, आणि प्रसंग कुठे आणि किती वाजता घडेल हे त्यावरच अवलंबून आहे. बैलगाडीवाली जोडी स्वतः तोडते, स्वतः गाडी भरते आणि कारखान्यावर नेते. तिथे नंबर लागेपर्यंत बाप रात्र-रात्र यार्डात अडकतो. म्हणजे रात्री कोपीत पोरं आणि फार तर आई. ट्रक-ट्रॅक्टरच्या टोळीत वाहन कधीही येतं, रात्री बारालाही, आणि आलं की सगळ्यांनी उठून मोळ्या डोक्यावर घेऊन फळीवरून चढायचं. म्हणजे त्या रात्री पोरं फडाच्या कडेला, पाचटावर, उसाच्या वाळल्या पानांवर, झोपलेली. या दोन रात्री वेगळ्या आहेत. पहिलीत दोन कोप्यांमधल्या भिंतीतून बोलणं होतं, दुसरीत एकाच गोधडीत पाच पोरं असतात. एकीची निवड करा आणि पुस्तकभर तिच्याशी प्रामाणिक राहा. बैलगाडीच्या तळावर अचानक मध्यरात्री ट्रक आला, तर माहीतगार वाचक तिथेच पुस्तक मिटतो.

दिवसाचं चक्रही अचूक हवं. बाई सगळ्यांच्या आधी उठते, भाकऱ्या थापून फडक्यात बांधते आणि मग फडात जाते. उसाच्या पात्याची कड हाताला कापते, कुसळ अंगाला चावतं, आणि नोव्हेंबर-डिसेंबरच्या पहाटे पाचट दवाने भिजलेलं असतं. संध्याकाळी वाढं, म्हणजे उसाचे हिरवे शेंडे, चाऱ्यासाठी बांधून विकायचं. तेवढाच रोजच्या मीठ-मिरचीचा पैसा, कारण मजुरी उचलीत, म्हणजे हंगामाआधी घेतलेल्या आगाऊ रकमेत, वळती होते. काम चुकलं की खाडा, खाड्याचे पैसे कापले जातात. तापाने फणफणलेली आई फडात का जाते याला 'तिची माया' हे कारण देऊ नका. खाड्याचं कारण द्या, माया आपोआप दिसेल.

हंगाम दसरा-दिवाळीच्या सुमाराला सुरू होतो आणि मार्च-एप्रिलमध्ये पट्टा पडतो, म्हणजे गाळप संपतं. शाळेच्या वर्षाचा मधला सगळा तुकडा जातो. म्हणून ही मुलं दोन शाळांत अर्धी-अर्धी असतात, किंवा कारखान्यावरच्या साखरशाळेत, किंवा गावी आजीजवळ राहून हंगामी वसतिगृहात जेवतात. यातलं काय होतं ते तुमच्या वर्षावर ठरेल, म्हणून साल आधी नक्की करा. 'काही वर्षांपूर्वी' या शब्दांवर अशी कादंबरी उभी राहत नाही.

मी असं साल लावीन. नवनाथचा जन्म १९९६, मनीषाचा १९९७. मुख्य बालपण २००६-०७ च्या हंगामात. त्या वर्षी राज्यात ऊस अतिरिक्त झाला होता आणि गाळप लांबलं होतं. लांबलेला हंगाम म्हणजे वार्षिक परीक्षा बुडाली. शिक्षण हक्क कायदा लागू झाला १ एप्रिल २०१० ला. त्याआधी नापास होऊन वर्ष बुडणं शक्य होतं, त्यानंतर आठवीपर्यंत कुणाला मागे ठेवता येत नव्हतं. म्हणजे तुमची नायिका २००७ मध्ये चौथीत राहिली तर ते खरं, २०१२ मध्ये सहावीत नापास झाली तर चूक. पुढचं २०१२-१३ हे मराठवाड्यातलं दुष्काळाचं साल. मनीषा तेव्हा पंधरा-सोळाची. याच वयात घरात तिच्या लग्नाचं बोलणं सुरू होतं, आणि त्यामागचा हिशेब नीट मांडा: मोठ्या मुलीला गावात एकटं ठेवायची भीती, तळावर न्यायची त्याहून भीती, आणि नव्या जोडीला पूर्ण कोयत्याची उचल मिळते. २००६ च्या कायद्याने मुलीला अठरा आणि मुलाला एकवीस पूर्ण लागतात हे सगळ्यांना माहीत असतं. तरीही होतं. आई-बापाला राक्षस केलंत तर हा सगळा भाग वाया जाईल. ते घाबरलेले आहेत, एवढंच लिहा.

आणि पुनर्भेट २०२० च्या मार्चअखेरीस. टाळेबंदी लागली तेव्हा हजारो तोडणी कामगार तळावर अडकले, आणि त्यांना गावी परतायची परवानगी एप्रिलच्या मध्यानंतर मिळाली. म्हणजे तीन आठवडे तुमची दोन्ही पात्रं एका जागी, हलता येत नाही, काम बंद, आणि बघणारे डोळे चहूकडे. प्रेमकथा लिहिणाऱ्याला यापेक्षा सोयीची जागा शोधूनही मिळायची नाही. तो चोवीसचा, ती तेवीसची. वयाचा प्रश्न उरत नाही.

बालपणाच्या भागात प्रेमाची भाषा अजिबात नको, हे वेगळं सांगायला हवं. दहा वर्षांच्या मुलाचं 'हृदय धडधडलं' असं वाक्य आलं की ते अभद्रही दिसतं आणि खोटंही. त्या वयात असते ती वाटणी, भांडण, एकमेकांची राखण आणि खाल्लेला मार. तेवढं लिहा. पुढे काय होणार हे वाचकाला ठाऊक असतंच, त्याला खूण करायची गरज नाही.

ताटातूट कशी घडवली आहे ते तपासा. नव्वद टक्के हस्तलिखितांत अपघात, पूर किंवा हरवलेलं पत्र असतं, आणि जिथे काहीच नाही तिथे 'नियती' असते. नियती हा शब्द आला की समजावं, कारण शोधायचं राहिलं आहे. तळावर कारण समोरच पडलेलं आहे: बाकी. नवनाथच्या बापाची उचल फिटली नाही, त्याने पुढच्या साली दुसऱ्या मुकादमाकडून उचल घेऊन आधीची भागवली, आणि कुटुंब सांगलीऐवजी कर्नाटकातल्या बेळगावकडच्या कारखान्याला गेलं. कुणी मेलं नाही, कुणी दगा दिला नाही. दिवाळीनंतर एक कोपी उभीच राहिली नाही, इतकंच. दहा वर्षांच्या मुलीने तळावरची डोकी मोजली आणि एक कमी भरलं. हा प्रसंग अर्ध्या पानात लिहा. दोन पानं केलीत तर त्याचं पाणी होईल.

नात्याचा मुद्दा अनेकांच्या लक्षातच येत नाही. दोघं एकाच गावची असतील तर ती गावची बहीण आणि तो गावचा भाऊ; आडनाव एक असेल तर भावकी. वाचक अडखळेल, त्यांची लग्नं कशी जमणार म्हणून. टोळ्या बहुतेकदा एका गावच्या, नात्यागोत्यातल्या असतात. म्हणून दोन गावं, एक मुकादम, अशी रचना करा. ती त्याच्या मामाची मुलगी निघाली तर उलटी पंचाईत: घरात आधीपासून गमतीने ठरलेलंच असतं, अडथळा उरत नाही. जात वेगळी असेल तर तो अडथळा पहिल्या पानापासून आहे. टोळीतली कोपी कुठे उभी राहते, पाणी कोण कुठून भरतं, यात तो दिसतो. दोनशेव्या पानावर एखाद्या काकाच्या तोंडून एकदम जात काढणं म्हणजे हातचं राखून ठेवलेलं पान टाकणं, वाचकाला ते कळतं. काहीही निवडा, पण लिहायच्या आधी निवडा. आडनाव ठेवलंत की मराठी वाचकाने निवड केलेलीच असते.

आणि एक चूक कळीची: लहानपणी त्याने तिला 'मनीताई' म्हटलं असेल तर कादंबरी तिथेच संपली. ती एक वर्षाने लहान आहे, तो तिला 'मने' म्हणेल, ती त्याला 'नवन्या'. या हाकाच तुमचं सगळ्यात धारदार हत्यार आहेत. लहानपणी दोघांत अरे-तुरे. तेरा वर्षांनी भेटल्यावर चारचौघांत ती त्याला 'तुम्ही' म्हणते, कारण तो आता टोळीचा मुकादम आहे; तो का, ते पुढे सांगतो. तोही तिला नाव न घेता बोलतो. मग कधीतरी रागाच्या भरात तिच्या तोंडून 'तू' निसटतं. तो एक 'तू' मिठीपेक्षा जास्त काम करतो. मराठीत ही सोय आहे आणि लेखक ती वाया घालवून 'त्यांची नजरानजर झाली' लिहीत बसतात. पूर्ण हस्तलिखितात दोघांमधला प्रत्येक 'तू' आणि 'तुम्ही' पेन्सिलीने गोल करा. बदल तीन ठिकाणी दिसला पाहिजे, आणि तिन्ही ठिकाणी कारण पाहिजे.

आता उत्तरार्धाचा कणा. तुमच्या मसुद्यात नवनाथ मोठेपणी शहरात नोकरी करतो. ते बदला. त्याला मुकादम करा. बरेच मुकादम तोडणीतूनच वर आलेले असतात, त्यामुळे ते अनैसर्गिक नाही. ज्या वहीने त्याच्या बापाला बुडवलं ती वही आता त्याच्या खिशात आहे. त्याने कारखान्याच्या वाहतूकदाराकडून पैसे उचललेत, मुद्रांकावर सह्या केल्यात, कोयत्यामागे पन्नास हजारांपासून लाखाच्या पुढेपर्यंत उचल वाटली आहे. आणि त्या टोळीत मनीषाचा भाऊ-भावजय आहेत. ती स्वतः नर्सिंग शिकून गावाकडे काम करते, आजारी आईला बघायला चार दिवस तळावर आली आणि टाळेबंदीत अडकली.

आता बघा काय झालं. त्याला तिच्याबद्दल जे वाटतं ते बोलण्याआधी तिचा भाऊ त्याचा देणेकरी आहे. ती हो म्हणाली, तर ते बाकीपोटी म्हणाली की मनातून, हे त्याला कधीच कळणार नाही. त्याने बाकी सोडली, तर ते उपकार. आणि तिला घेता येत नाही. पंधरा-वीस कोयते बघत आहेत, एकाची बाकी सोडली की सगळे दारात. आणि त्याने स्वतः घेतलेले पैसे त्याच्या डोक्यावर आहेतच. म्हणजे चांगला असूनही तो सहज चांगलं वागू शकत नाही. गैरसमज, परदेशातून आलेला प्रतिस्पर्धी, श्रीमंत स्थळ, यांची काही गरज उरली नाही. ज्या वस्तूने दोघांचं बालपण खाल्लं तीच आता दोघांच्या मध्ये बसली आहे.

हे प्रसंगात कसं उतरतं ते पाहू. सिरियलसारखी वाटणारी पानं साधारण अशी असतात:

'नवनाथने तिच्याकडे पाहिलं. तिच्या डोळ्यांत अश्रू तरळत होते. "मनीषा, किती सोसलं ना गं आपण!" त्याचा कंठ दाटून आला. तिच्या डोळ्यांसमोरून सारं बालपण सरकलं. ती थंडी, ती भूक, ते दिवस... त्याने तिचा हात हातात घेतला. "आता तुला कधीच उपाशी राहू देणार नाही."'

यात चुकीचं असं एकही वाक्य नाही, आणि खरंही एकही नाही. सगळं सांगून टाकलं आहे. शिवाय 'उपाशी राहू देणार नाही' म्हणणारा माणूस प्रेम करत नाही, कीव करतो, आणि तिच्यासारखी मुलगी त्या वाक्यावर उठून गेली असती.

हा प्रसंग दुरुस्त करायला आधी एकतिसाव्या पानावर जा. तिथे लहानपणी दोघांचा एक नियम पेरा: भाकरी एकच असेल तर एकाने मोडायची, दुसऱ्याने आधी उचलायची. म्हणजे मोडणारा आपोआप बरोबर मोडतो. दोन ओळींत सांगा, त्यावर भाष्य करू नका. मग एप्रिल २०२० चा तळ:

'भाकरी एकच उरली होती. मनीषाने ती मोडली, दोन्ही तुकडे परातीत ठेवले आणि हात मागे घेतला.

नवनाथ फोनवर कारखान्याच्या माणसाशी बोलत होता. बोलता बोलता त्याची नजर परातीकडे गेली. एक तुकडा पाऊण भाकरीचा, एक चतकोर.

"नीट मोडता येईना का आता?"

"उचला की. लोक बघायलेत."

त्याने चतकोर उचलला.

"आमच्या दादाकडं बाकी किती निघती?" तिने विचारलं.

"वही गाडीत राहिली."

वही त्याच्या खिशातून वर आली होती. मनीषाने ती पाहिली. मग उरलेला तुकडा तिने मधोमध मोडला आणि अर्धा परत त्याच्यासमोर ठेवला.'

कुणी रडलं नाही, बालपणाचा शब्द काढला नाही. पण वाचकाला नियम आठवतो, तिने मुद्दाम वाकडं मोडलं हे कळतं, त्याने लहान तुकडा का घेतला हे कळतं. वहीबद्दलचं खोटं हे त्याच्या बाजूचं प्रेम आहे आणि अडथळाही तोच आहे. आणि 'उचला' या शब्दात उचल कशी येऊन बसली आहे ते पाहा. असं हाती लागलं की खुशाल घ्यावं, फक्त खाली रेघ मारू नये. पुढच्याच वाक्यात 'जणू तो शब्द तिच्या काळजाला भिडला' असं लिहिलंत तर सगळी मेहनत पाण्यात.

रडण्याचं प्रमाण ठरवून घ्या. साठ हजार शब्दांत नायक-नायिकेने पानावर प्रत्यक्ष रडायचं ते दोघांत मिळून तीन वेळा. बहुतेक मसुद्यांत हा आकडा चाळीसच्या पुढे असतो. पात्र रडलं की वाचकाचं काम संपतं, त्याला करायला काही उरत नाही. 'अश्रू', 'काळीज', 'निरागस', 'हुंदका', 'दाटून' हे पाच शब्द फाइलमध्ये शोधा आणि प्रत्येक जागी पात्राच्या हातात काय आहे ते लिहा. हातात काहीच नसेल तर प्रसंग अजून घडलेला नाही.

आईच्या आजाराबद्दल एक सावधगिरी. या भागातल्या अनेक बायकांच्या गर्भाशयाच्या शस्त्रक्रिया तरुण वयात झाल्या; २०१९ मध्ये त्यावर बराच गाजावाजा झाला आणि शासनाने चौकशी समितीही नेमली. कादंबरीत हे यायला हरकत नाही, पण धक्का म्हणून नको. बायका आपापसात 'पिशवी काढली' एवढंच म्हणतात, मीठ संपलं म्हणावं तशा सुरात. तोच सूर ठेवा, आणि परिणाम मुलीच्या दिवसात दाखवा: आईला मोळी उचलवेना म्हणून तेराव्या वर्षी मनीषाच्या हातात कोयता आला.

बोलीचा प्रश्न विचारलेला नाही, पण त्यात खूप घसरगुंडी दिसते. निवेदन प्रमाण मराठीत ठेवा, तळाचे शब्द मात्र तसेच वापरा. फडाला 'उसाचे शेत' म्हणू नका. संवाद बीडचे: 'काय करायलास', 'कामून', 'लई'. स्थानिक शेतकरी सांगलीचा असेल तर त्याच्या तोंडी 'व्हय', 'न्हवं'. आणि पोरांच्या तोंडी दोन्हींची भेसळ, कारण वर्षातले पाच महिने ती तिकडे काढतात. गावच्या शाळेत मनीषा 'व्हय' म्हणाली आणि पोरं हसली, हा प्रसंग फुकट मिळतो आहे. प्रत्येक शब्द मोडून लिहायची मात्र गरज नाही. वाक्यात एखादा बोलीचा शब्द आणि क्रियापदाचं रूप पुरतं.

मापं सांगतो. साठ हजार शब्द म्हणजे डेमी आकारात साधारण दोनशे वीस पानं. प्रकरणं तीसच्या आसपास, प्रत्येकी दोन हजार शब्दांची. बालपण चौदा-पंधरा हजार शब्दांवर थांबवा आणि सरळ क्रमाने लिहा. फ्लॅशबॅकने सुरुवात करायचा मोह होतो; पण मग वाचकाला नियम, सवयी, हाका आधी माहीत नसतात आणि उत्तरार्धातल्या खुणा त्याला दिसत नाहीत. मधली वर्षं, म्हणजे २००७ ते २०२०, आठ हजार शब्दांत आटपा, आलटून-पालटून एक प्रकरण त्याचं, एक तिचं. तळावरचे तीन आठवडे हा कादंबरीचा गाभा, त्याला पंचवीस हजार द्या. उरलेले गावी परतल्यानंतरचे.

शेवटाबद्दल इतकंच, की कर्जमाफीने सोडवू नका. नवनाथ वही जाळतो असा शेवट तुमच्या टिपणात आहे. तो दिसायला छान आहे, पण वही जळली तरी वाहतूकदाराचं देणं जळत नाही, आणि पुढच्या दसऱ्याला त्याच टोळीला पुन्हा उचल लागणारच आहे. जानेवारी २०२४ मध्ये तोडणीच्या दरात चौतीस टक्के वाढ झाली तरी उचल थांबली नाही. खरा प्रश्न हा आहे की मनीषाला काही घेता येतं का, आणि नवनाथला काही न लिहिता देता येतं का. त्याचं उत्तर एका लहान वस्तूत शोधा. बाकी तिच्या भावाने फेडावी, हंगामाला हंगाम लावून, आणि नवनाथने ती रीतसर घ्यावी. हे ऐकायला रूक्ष वाटेल, पण त्या दोघांना मोकळं करणारी वाट तीच आहे.

किती पुन्हा लिहावं लागेल, हा तुमचा शेवटचा प्रश्न. बालपणातलं दहा टक्के: नियम पेरणं, हाका बदलणं, टोळीचा प्रकार एक करणं. पुढचं जवळजवळ सगळं. क्रम असा ठेवा: आधी वहीतल्या सवयी, मग साल आणि वयांचा तक्ता, मग तळावरचे तीन आठवडे लिहा, आणि ते झाल्यावरच बालपणाकडे परत जा, कारण काय पेरायचं हे तेव्हाच कळेल. छापायच्या आधी तोडणीला गेलेल्या कुणातरी बाईला तळाची प्रकरणं मोठ्याने वाचून दाखवा. ती कुठे रडते ते बघू नका. ती कुठे हसून 'असं नसतं हो' म्हणते, तिथे समासात खूण करा.